विश्लेषण : ‘टोटल लॉस’ गाड्या विकण्याचा जोडधंदा आरटीओच्या दारात का अडतो?

विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेली मोटार लिलावात स्वस्तात उचलायची, ओळखीच्या गॅरेजात दुरुस्त करून घ्यायची आणि चार-सहा महिन्यांत बऱ्या किमतीला विकायची. नोकरी सांभाळून वर्षाला अशा दोन-तीन गाड्या ‘काढल्या’ तरी चार पैसे सुटतात, हा हिशेब गॅरेजच्या बाकड्यावर नेहमी ऐकू येतो. ठोकलेली गाडी घरच्या शेडमध्ये नवी करून विकणाऱ्या अमेरिकी तरुणांचे व्हिडीओ मोबाइलवर पाहून या हिशेबाला आणखी धार येते. पण भारतात १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी झालेल्या जुन्या वाहनांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते मिळवणे एक वेळ जमेल. अपघातग्रस्त गाडीची खरी अडचण त्याच्या पुढे सुरू होते. अशा गाडीचा मालक कोण, आणि कागदोपत्री ती गाडी जिवंत आहे की मेलेली, याचे सरळ उत्तर अनेकदा मिळत नाही.

‘टोटल लॉस’ म्हणजे गाडी कायमची निकामी का?

तसे नाही, आणि या धंद्याचा जन्मच इथे होतो. मोटार विम्यात गाडीची एक ठरलेली किंमत असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा अंदाजित खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी दुरुस्ती करून देण्याऐवजी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. हा निव्वळ पैशांचा हिशेब आहे. समजा, आठ वर्षे जुन्या हॅचबॅकची आयडीव्ही अडीच लाख रुपये आहे. तिची मर्यादा झाली १ लाख ८७ हजार ५०० रुपये. समोरून धडक बसली, दोन्ही एअरबॅग फुटल्या, बंपर, बॉनेट, हेडलाइट आणि रेडिएटर गेले, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरचे अंदाजपत्रक ही मर्यादा सहज ओलांडते. इंजिन शाबूत असते, चॅसी सरळ असते, तरी गाडी ‘टोटल’. तीच गाडी बाहेरच्या गॅरेजात, वापरलेले सुटे भाग घालून, निम्म्या खर्चात रस्त्यावर येऊ शकते.

याच्या उलट पुरातली गाडी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत मोटारी टपापर्यंत बुडाल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात तेच झाले. पुरातली गाडी बाहेरून धडधाकट दिसते, धुऊन पुसून सीटकव्हर बदलले की नवीही वाटते. पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा आणि गाळ पुढे अनेक महिने त्रास देतो. विम्याच्या भाषेत मात्र दोन्ही गाड्यांवर शिक्का एकच.

विमा कंपनी ही गाडी कशी विकते?

दावा निकाली काढण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. पहिल्या पद्धतीत कंपनी मालकाला आयडीव्हीप्रमाणे पूर्ण रक्कम देते आणि गाडीचा सांगाडा, म्हणजे सॅल्व्हेज, स्वतःकडे घेऊन विकते. दुसऱ्या पद्धतीत सॅल्व्हेजची किंमत दाव्यातून वजा होते आणि गाडी मूळ मालकाकडेच राहते. तो ती गॅरेजवाल्याला किंवा भंगारवाल्याला विकतो. या वजाबाकीतही ‘आरसीसह’ आणि ‘आरसीशिवाय’ असे दोन प्रकार असतात. ‘आरसीशिवाय’ म्हणजे आधी नोंदणी रद्द करायची, मग पैसे मिळणार. साहजिकच आरसीसह विकल्या जाणाऱ्या गाडीला लिलावात जास्त बोली येते.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते की वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निरुपयोगी झाले, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करावी. मग नोंदणी रद्द होते. आता वरच्या उदाहरणातली हॅचबॅक घ्या. ती ‘कायमची निरुपयोगी’ आहे का? विमा कंपनीने पूर्ण पैसे मोजले, पण गाडी तर चालू होऊ शकते. विम्याचा ७५ टक्क्यांचा निकष आणि कलम ५५ चा निकष एकमेकांना जोडलेले नाहीत. अमेरिकेत राज्य सरकार अशा गाडीच्या मालकीच्या दाखल्यावरच ‘सॅल्व्हेज’ असा शेरा मारते आणि तपासणीनंतर ‘पुन्हा बांधलेली’ अशी नोंद होते. आपल्या आरसीवर तसा रकानाच नाही. नोंदणी चालू किंवा रद्द, एवढेच. मधली अवस्था कागदावर दिसत नाही, आणि जोडधंदा करणारा नेमका याच मधल्या जागेत काम करत असतो.

अधिकारपत्राचा नियम काय आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने बदल झाले आणि ‘नोंदणीकृत वाहनांचा डीलर’ ही स्वतंत्र ओळख तयार झाली. अशा डीलरने आपल्या धंद्याच्या जागेच्या हद्दीतील आरटीओकडे फॉर्म २९-ए मध्ये अर्ज करायचा. शुल्क २५ हजार रुपये. मंजुरी मिळाली की फॉर्म २९-बी मध्ये अधिकारपत्र मिळते आणि ते पाच वर्षे चालते.

यातला कळीचा कागद म्हणजे फॉर्म २९-सी. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून तशी सूचना पोर्टलवर नोंदवायची. त्या क्षणापासून गाडीची आणि तिच्याकडून घडणाऱ्या सगळ्या गोष्टींची जबाबदारी डीलरवर येते. त्याबदल्यात काही अधिकारही मिळतात. ताब्यातल्या गाडीच्या आरसीचे किंवा फिटनेसचे नूतनीकरण, दुसरी प्रत, एनओसी, मालकी हस्तांतर यांसाठी डीलर स्वतः अर्ज करू शकतो. गाडी मात्र वाटेल तशी फिरवता येत नाही. गिऱ्हाईकाला चालवून दाखवणे, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत करायची : कशासाठी नेली, कोणी चालवली, किती वाजता, किती किलोमीटर. रविवारी कुटुंबाला घेऊन लोणावळ्याला जाऊन येणे यात बसत नाही.

पोर्टलवरून सगळी नोंद होत असल्यामुळे सरळ व्यवहारात हा नियम मूळ मालकाच्या फायद्याचाच आहे. गाडी डीलरच्या आवारात तीन महिने पडून राहिली आणि त्या काळात कोणी ती गुन्ह्यात वापरली, तरी पोलीस पहिल्यांदा मालकाचे दार ठोठावणार नाहीत.

ट्रेड सर्टिफिकेट असले तर?

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. ट्रेड सर्टिफिकेट हे अद्याप नोंदणी न झालेल्या, म्हणजे शोरूममधल्या नव्या वाहनांसाठी असते. वापरलेल्या गाडीला ते लागू नाही. नोंदणी रद्द झालेली अपघातग्रस्त गाडी ट्रेड सर्टिफिकेटच्या नंबरप्लेटवर गॅरेजपासून गिऱ्हाईकापर्यंत नेणे हाही मार्ग नाही.

वर्षाला दोनच गाड्या विकणाऱ्यालाही अधिकारपत्र लागते का?

स्वतः वापरलेली गाडी विकणारा डीलर होत नाही, हे स्पष्ट आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून कोणताही मालक आपली गाडी विकू शकतो. अडचण ‘विकण्यासाठीच घेतली’ या हेतूची आहे. वर्षाला अमुक गाड्यांपर्यंत सूट, त्यापुढे परवाना, अशी आकड्याची रेषा केंद्रीय नियमांत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ती असते आणि प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा असतो. व्हिडीओतली मंडळी त्याच मर्यादेत राहून काम करतात. इथे तो आधार नाही. त्यामुळे हौस कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे परिस्थितीवरून ठरणार. एकाच माणसाच्या नावावर दर चार महिन्यांनी वेगळी गाडी चढते आणि उतरते, हे वाहन पोर्टलवर लपत नाही.

मग हा छोटा माणूस अधिकारपत्र घेईल का? त्याची पहिली अडचण जागेची. अर्ज ‘धंद्याच्या जागे’च्या आधारावर असतो, आणि याची गाडी उभी असते सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा मित्राच्या गॅरेजात. महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, त्यामुळे ‘शॉप अ‍ॅक्ट’ अवघड नाही. पण निवासी इमारतीच्या पार्किंगमध्ये ठोकलेल्या गाड्यांचा धंदा सोसायटी खपवून घेणार नाही आणि महापालिकाही. दुसरी अडचण नोकरीची. सरकारी कर्मचाऱ्याला वर्तणूक नियमांमुळे परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. खासगी नोकरीतही नियुक्तिपत्रात तशी अट अनेकदा असते. अधिकारपत्रासाठी अर्ज केला की हा धंदा सरकारी नोंदीत येतो. म्हणूनच पुष्कळ जण अर्जाच्या वाटेलाच जात नाहीत.

अधिकारपत्र मिळाले, आता तरी वाट मोकळी?

नेहमीच्या सेकंड-हँड गाडीसाठी, हो. टोटल लॉससाठी मात्र साखळीत एक कडी कमी पडते. फॉर्म २९-सी वर सही हवी ती नोंदणीकृत मालकाची. लिलावात गाडी विकतो कोण? विमा कंपनी. तिचे नाव आरसीवर कधी आलेलेच नसते. दावा मंजूर करताना कंपनीने मूळ मालकाकडून आरसी, चाव्या आणि फॉर्म २८, २९, ३० वर सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवणारा फॉर्म ३५ देखील. हा सगळा संच लिलावात बोली जिंकणाऱ्याच्या हाती येतो. कागदी फॉर्मवरची सही चालून जाण्याचे दिवस होते तोवर ठीक होते. आता हस्तांतराच्या ऑनलाइन अर्जात ओटीपी मूळ मालकाच्या मोबाइलवर जातो. त्याला विम्याचे पैसे मिळून वर्ष झालेले असते, त्याने नवी गाडी घेतलेली असते, कदाचित नंबरही बदललेला असतो. नागपूरच्या गाडीचा सांगाडा पुण्यातल्या डीलरने घेतला असेल, तर ओटीपीसाठी नागपूरला फोन लावून अनोळखी माणसाची मनधरणी करावी लागते. त्या माणसाने ओटीपी देऊ नये असाच सल्ला बँका त्याला रोज देत असतात!

कायद्याचा विचार केला तर सुरक्षित क्रम एकच उरतो. सांगाडा घेणाऱ्याने आधी आरसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मग दुरुस्ती, मग विमा, मग विक्री. कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. पण या क्रमाने आरसीवर एक मालक वाढतो. ‘फर्स्ट ओनर’ची गाडी ‘सेकंड ओनर’ची होते आणि बाजारात भाव पडतो. हा भाव वाचवण्यासाठी मधला माणूस आपले नाव कागदावर येऊच देत नाही. गाडी मूळ मालकाच्या नावावरून थेट अंतिम गिऱ्हाईकाच्या नावावर जाते, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत सहीचे कोरे फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून राहतात.

कोऱ्या फॉर्मचा धोका कोणाला?

सगळ्यात जास्त, ज्याचे नाव आरसीवर आहे त्याला. सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात फेब्रुवारी २०१८ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्यातील मोटार मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. पुढे ती एकामागून एक हातांतून गेली, पण नोंदणी बदललीच नाही. २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालयाने म्हटले, की कायद्याच्या दृष्टीने आरसीवर ज्याचे नाव तो मालक. अपघातग्रस्तांनी गाडी कोणाकोणाकडे फिरली याचा माग काढत बसावे, ही अपेक्षा करता येणार नाही. भरपाईची जबाबदारी पहिल्या मालकावर आली.

टोटल लॉसच्या गाडीत हा धोका दुप्पट होतो, कारण पूर्ण नुकसानीचा दावा दिल्यावर त्या गाडीची जुनी पॉलिसी संपते. म्हणजे दुरुस्त होऊन रस्त्यावर आलेल्या गाडीला नवा विमा काढेपर्यंत तृतीय पक्षाचेही संरक्षण नसते. चाचणीसाठी गॅरेजच्या पोराने ती बाहेर काढली आणि कोणाला उडवले, तर भरपाईचा दावा आरसीवरच्या नावावर, पाठीशी विमा कंपनी नाही. ज्याने दोन वर्षांपूर्वी दाव्याचे पैसे घेऊन विषय संपवला, त्याच्याकडे न्यायाधिकरणाची नोटीस येऊ शकते. म्हणून सांगाडा देताना मूळ मालकाने घेणाऱ्याचे नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लेखी घ्यावी, आरटीओला स्वतः कळवावे आणि पोर्टलवर गाडीची स्थिती दर महिन्याला पाहावी. घेणारा अधिकृत डीलर असेल तर फॉर्म २९-सी चा आग्रह धरावा.

जळालेल्या गाडीला लाखाची बोली कशी?

कधी कधी पूर्ण जळालेल्या किंवा चेंदामेंदा झालेल्या गाडीला भंगाराच्या दरापेक्षा कितीतरी जास्त बोली येते. बोली त्या लोखंडाची नसते, कागदाची असते. आरसी आणि चॅसी क्रमांक हातात आला की त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची, तिच्यावर सांगाड्याचा चॅसी क्रमांक चढवायचा आणि जिवंत कागदांवर विकायची. देशाच्या अनेक राज्यांत पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. टोटल लॉस गाडी विकणाऱ्याकडे आरटीओ आणि पोलीस संशयानेच पाहतात ते यामुळे. प्रामाणिक माणसालाही प्रत्येक सुट्या भागाचे बिल, लिलावाची पावती, विमा कंपनीचे विक्रीपत्र आणि दुरुस्तीआधीचे फोटो जपून ठेवावे लागतात. इंजिन बदलले असेल तर आरटीओच्या मंजुरीशिवाय आणि आरसीवर नवा क्रमांक चढवल्याशिवाय गाडी विकणे म्हणजे स्वतःहून चौकशी ओढवून घेणे. चोरीचा माल स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि ‘मी तर फक्त दुरुस्ती केली’ हे म्हणणे सिद्ध करायला कागद लागतात.

नोंदणी रद्द झालेल्या गाडीचे काय?

तिचा रस्ता मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्राकडे जातो. २०२१ च्या वाहन स्क्रॅपिंग नियमांनी अशा केंद्रांची व्यवस्था आणली. अपघात, आग, दंगल किंवा नैसर्गिक आपत्तीत निकामी झालेली वाहनेही त्यात येतात. केंद्र गाडी घेतल्यावर ठेव प्रमाणपत्र देते, नवी गाडी घेताना त्याचा उपयोग होतो. गाडी सुटी करून तिचे भाग विकण्याचे काम कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारांत वर्षानुवर्षे चालत आले आहे. पण गाडी तोडण्याचे काम आता याच केंद्रांमधून व्हावे, अशी सरकारची दिशा आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरण खात्याच्या नियमांनी ती आणखी पक्की झाली. जोडधंदेवाल्याला असे केंद्र काढणे परवडणार नाही. त्याला अधिकारपत्राच्या जोरावर रद्द नोंदणीची गाडी विकताही येत नाही, कारण ते अधिकारपत्र ‘नोंदणीकृत’ वाहनांपुरते आहे. रद्द झालेली नोंदणी पुन्हा जिवंत करून देतो, असे सांगणारा एजंट भेटलाच तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

सरकारी लिलावातली जुनी जीप घेऊन सजवण्याची हौस असलेल्यांसाठीही दार बंद झाले आहे. केंद्र, राज्य, महापालिका, एसटीसारखी महामंडळे यांच्या १५ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही आणि ती स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी लागतात. बँकेने हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्या हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्या टोटल लॉस नसतात आणि त्यांचे कागद तुलनेने सरळ असतात; लिलावाच्या यादीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, म्हणून नीट वाचून बोली लावावी. ‘जसे आहे, जिथे आहे’ ही अट दोन्हीकडे असतेच.

जीएसटीनंतर हातात काय उरते?

जीएसटीत नोंदणी असलेल्याला वापरलेल्या गाडीवर पूर्ण किमतीवर नव्हे, तर खरेदी आणि विक्रीच्या फरकावर कर भरावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या परिषदेच्या बैठकीनंतर हा दर सर्व वापरलेल्या गाड्यांसाठी १८ टक्के झाला. त्याआधी छोट्या गाड्यांना १२ टक्के होता. हे नेहमीच्या डीलरला फारसे जड जात नाही. टोटल लॉसच्या गाडीत मात्र फरकाचा मोठा भाग दुरुस्तीत गेलेला असतो, आणि सवलतीच्या या पद्धतीत फरक मोजताना दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही.

उदाहरण घेऊ. सांगाडा १ लाख ६० हजारांना घेतला, दुरुस्तीला दोन लाख लागले, कर सोडून ४ लाख ३० हजारांना गाडी विकली. मालकाच्या मनात नफा ७० हजार. कर लागतो तो २ लाख ७० हजारांच्या फरकावर, म्हणजे ४८ हजार ६०० रुपये. हा कर गिऱ्हाईकाकडून वेगळा वसूल झाला नाही, तर हातात राहतात २१ हजार ४००. त्यातून टोइंग, लिलावाचे शुल्क, विमा आणि हस्तांतराचा खर्च जायचा आहे. अधिकारपत्राच्या २५ हजारांचा दर वर्षाचा वाटा पाच हजार, तोही यातच. दुरुस्तीच्या बिलांवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते का, हे बिले कशी आहेत यावर अवलंबून आहे. कर सल्लागाराला विचारल्याशिवाय ते गृहीत धरू नये.

उलाढाल लहान असेल तर महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही आणि वर्षाला दोन-तीन गाड्या या मर्यादेत बसतात. मात्र माल परराज्यात विकला की ही सूट राहत नाही. कोल्हापूरच्या माणसाने बेळगावच्या गिऱ्हाईकाला गाडी पोहोचवताना हे लक्षात ठेवलेले बरे. खरेदीच्या बाजूला, पूर्ण दावा देऊन सांगाडा ताब्यात घेणाऱ्या विमा कंपनीने तो विकताना जीएसटी लावायचा आहे, असे केंद्राच्या जून २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. म्हणजे नोंदणी नसलेल्या जोडधंदेवाल्यालाही खरेदीच्या वेळी तो कर चुकत नाही.

अशी गाडी घेणाऱ्याने काय पाहावे?

दुरुस्त केलेली टोटल लॉस गाडी विकणे बेकायदा नाही. ती तशी आहे हे लपवून विकणे ही फसवणूक ठरू शकते आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. पण तक्रार ही नंतरची गोष्ट. आरसीवर काही दिसत नसल्याने गिऱ्हाईकाला आडवाटेने माहिती काढावी लागते. मागच्या दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात. दावा न करणाऱ्याचा नो क्लेम बोनस दरवर्षी वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पाच वर्षांच्या गाडीवर तो एकदम शून्य दिसला, किंवा मधल्या काही महिन्यांची पॉलिसीच नसेल, तर प्रश्न विचारावा. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याशी स्वतः फोनवर बोलावे. विकणारा तो फोन लावून द्यायला टाळाटाळ करत असेल तर थांबावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, पुराचे पाणी लागलेल्या गाडीत आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो. पट्ट्यावर गाडीच्या वयाला न शोभणारी नवी कोरी तारीख असेल तर तो का बदलला तेही विचारावे.

आणि एअरबॅग. फुटलेल्या एअरबॅग नव्या घालायच्या तर खर्च मोठा, म्हणून काही जण नुसती झाकणे बसवून स्टिअरिंग बंद करतात. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागून तसाच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. मुळात लागलाच नाही, तर बहुधा त्याची वायर कोणीतरी काढलेली असते. अशा गाडीची स्कॅनरवर तपासणी होईपर्यंत बयाणा देऊ नये.